बारदान वजा

सुनंदाबाई: चोपन्न किलो सहाशे. उतरा हाशमचाचा, चोपन्नच्या गटात नाही बसत तुम्ही.

हाशम: मॅडम, तुमचा काटा बिघडला. काल संध्याकाळी बरोब्बर चोपन्न होतो मी, या सुगनच्या दुकानात. विचारा शेठला!

सुगनचंद: खरं आहे, मॅडम. मी स्वतः आकडा बघितला. चाळीस वर्षं तूर-हरभरा तोलतोय, उगाच नाही.

सुनंदाबाई: तूर बॉक्सिंग खेळत नाही, शेठजी. हे बघा, अकराला वजनं बंद. तासाभरात सहाशे ग्रॅम उतरवा, नाहीतर साठीवरच्या सत्तावन किलोत नाव टाकते.

हाशम: आठ दिवस भाकरीला शिवलो नाही मी! थांबा. बनियन काढली. घड्याळ काढलं. आता ही कवळी...

(कवळी रुमालात ठेवून पुन्हा काट्यावर चढतो.)

सुनंदाबाई: पाचशे वीस. दात बसवा आधी, तुमचं बोलणं कळेना.

हाशम: मी म्हणत होतो, त्रेचाळीस वर्षं चोपन्न किलोचा चॅम्पियन आहे मी. सदफनं, माझ्या नातीनं, वरणगावच्या घरावर तशी पाटी रंगवलीय. आता सत्तावन कसं लिहू?

सुनंदाबाई: चाचा, गेली अकरा वर्षं तुमच्या गटात दुसरं नावच नाही.

हाशम: घाबरतात.

सुगनचंद: माझ्यासमोर एकदा यावलचा एक जण आला होता. ग्लोव्ह्ज बांधायला वाकला, तो सरळ झालाच नाही. धरून घरी पोचवला. तेव्हापासून मीपण अजिंक्य.

सुनंदाबाई: शेठजी, तुमच्या दुकानातला काटा रिकामा असताना काय दाखवतो?

सुगनचंद: रिकामा? उणे सहाशे.

सुनंदाबाई: उणे?

सुगनचंद: बारदानाचे, मॅडम. सकाळी रिकामं पोतं ठेवून काटा शून्यावर आणायचा, मग दिवसभर नुसत्या मालाचं वजन दिसतं. पोत्याचं आपोआप वजा... अरे देवा.

हाशम: सुगन! मी काय तुरीचं पोतं आहे?

सुगनचंद: सवय रे भो. हाशम, डोक्यातच नाही आलं.

हाशम: डोक्यात नाही आलं की मुद्दाम केलंस? सत्तावनमध्ये कोण आहे, मॅडम?

सुनंदाबाई: एकटे हे शेठजी.

हाशम: बघा! म्हातारपणी मला ठोकायची हौस आली याला!

सुगनचंद: महावीरांची शपथ, विसरलो. पण तुझ्यापासून काय लपवायचं? तुझे ते वरचे सहाशे ग्रॅम ऐकून मला वाईट नाही वाटलं.

हाशम: म्हणजे?

सुगनचंद: ब्याऐंशी साल आठव. भुसावळची विभागीय स्पर्धा.

हाशम: आठवतं की. रात्री तू त्रेपन्न आठशे होतास अन् सकाळी सत्तावनमध्ये गेलास. म्हणालास, आईनं तुपाचे लाडू चारले.

सुगनचंद: आईला कशाला मध्ये घ्यायचं, ती तर मला खेळूच देत नव्हती. स्टेशनबाहेर डझनभर केळी खाल्ली मी. वर तांब्याभर पाणी.

हाशम: का पण?

सुगनचंद: वरणगावच्या फॅक्टरीत खेळाडूसाठी नोकरीची एकच जागा होती, तीही चोपन्नच्या विजेत्याला. तुझे अब्बा अंथरुणाला खिळलेले. मला काय, दुकान होतंच.

हाशम: म्हणजे त्रेचाळीस वर्षं मी तुझ्या मेहेरबानीचा चॅम्पियन?

सुगनचंद: डोकं फिरलं का तुझं? फायनल तू मारलीस. त्या धुळ्याच्या पोराला तिसऱ्या राउंडला झोपवलंस, मी दोरीला लटकून ओरडत होतो. मी फक्त बाजूला झालो.

हाशम: आणि बाजूला झाला नसतास तर?

सुगनचंद: तेच तर. दरवर्षी तुझं पदक बघायचो, माझं बघायचो. मनात यायचं, दोघांतला खरा कोण? मग वाटायचं, जाऊ दे, कशाला.

हाशम: आणि दरवर्षी केळी?

सुगनचंद: पहिली चार वर्षं. नंतर पोट आपलं आपण सांभाळू लागलं.

सुनंदाबाई: चाचा, सव्वादहा झाले. बाहेर जळगावचं ऊन आहे. मैदानाला हळूहळू चकरा मारा, पाणी पिऊ नका, उतरेल. चक्कर आली तर मात्र लगेच थांबायचं.

सुगनचंद: जा, हाशम. मीपण येतो सोबत पळायला. चोपन्नमध्ये समोर कोणी नाही, पदक तुझंच. पाटी पुसायला नको.

हाशम: ते फळीवर काय ठेवलंय, मॅडम?

सुनंदाबाई: खेळाडूंसाठी केळी. वजन झाल्यावर खायची.

हाशम: सुगन.

सुगनचंद: बोल.

हाशम: आधी एक मला सोलून दे. मॅडम, नाव सत्तावनमध्ये टाका.