डिझेल परत घ्या!

रात्री पेडण्याच्या पेट्रोलपंपावर रांग खोळंबली होती. सगळ्यांत पुढचा पोरगा भरलेला कॅन उराशी धरून हटून बसला होता, आणि त्याच्यामागे स्कूटरवर पद्मावतीबाईंचा पारा चढत होता.

“परत घ्या हो, भाऊ!”

“डिझेल परत घेत न्हाईत ओ,” पंपवाला म्हणाला.

“तासाभरापूर्वी तुम्हीच दिलंत! पण लागलंच नाही. बायको दवाखान्यात बाळंतपणाला, आणि वादळात लायट गेली. सगळा गाव काळोखात. म्हटलं, जनरेटरला डिझेल मागतील. घेऊन धावलो, तर दवाखाना लखलखतोय!”

“जनरेटर लावला असंल.”

“आवाज कुठला! सिस्टर म्हणाली, मागे दोन नव्या टाक्या आहेत ना, ती बॅटरी. टाक्यांतलं रसायन पंपानं फिरतं आणि वीज मिळते. मी त्या पाण्याच्या समजत होतो!”

“आयला! मग?”

“मग काय, चेडू झालं! पयलंच! लायट गेली ते आत कुणाला कळलंसुद्धा नाही.”

“कुणासारखी हाय पोरगी?”

“लांबूनच बघितली. हातांना डिझेलचा वास मारतोय म्हणून सिस्टर हातात देईना. आधी हे कुठेतरी टाकून ये, म्हणाली.”

“अरे, मग इथे वाद काय घालतोस?” पद्मावतीबाई स्कूटरवरून उतरल्या. पिशवीतला नवा साबण काढून त्यांनी दातांनीच कागद फाडला. “कॅन ठेव खाली. हात पुढे कर. भाऊ, तुम्ही पाणी ओता.”

मागून हॉर्न वाजला.

“थांबा रे जरा!” बाई वळून गरजल्या. “बाप हात धुतोय!”