पिस्त्याची चाळीस दणकट झाडं

...आणि वर लोक विचारतात काय, तर ‘काय हो, पिस्त्यांचं काय झालं?’ काय व्हायचंय पिस्त्यांचं! पिस्ते मजेत आहेत! आमचं काय झालं ते विचारा की कुणीतरी! तुम्हाला सांगतो, आठ वर्षं... आठ! इतक्या वर्षांत माणसाची पोरं शाळेत जातात, डोक्यावरचे केस जातात, माझे गेले... आणि हे सगळं कुणापायी, तर आमच्या दादापायी! माझा थोरला भाऊ. बारा वर्षं परदेशात, पिस्त्यांच्या मुलखात राहिला आणि परत आला तो थेट पिस्त्याचं बी घेऊनच. ‘आपल्या देशात पिस्ता पिकत नाही? नाही म्हणजे काय? मी पिकवतो!’ अरे बाबा, पण कुणी बोलावलंय पिस्त्याला? चाललंय ना आमचं शेंगदाण्यांवर सुखात?

बरं, पिस्ता लावायचा तर जमीन हवी. दादाकडे होतं ज्ञान, आणि जमीन होती माझ्याकडे! गावाबाहेर, लॉन्ड्रीवाल्या मावशींच्या कुंपणाला लागून, घर बांधायला म्हणून घेतलेली. बायकोनं ओटा कुठे, कपाट कुठे, सगळं वहीत काढून ठेवलेलं. आम्ही राहतो भाड्याच्या दोन खोल्यांत, ती पोळ्या लाटायला लागली की तिचं कोपर माझ्या खुर्चीला लागतं, एवढी ऐसपैस जागा! तर दादा म्हणाला, ‘आठ वर्षं दे मला. आठ वर्षांत या मातीतला एक पिस्ता, एकच हं, माझ्या हातावर पडला नाही, तर झाडं काढ, घर बांध, विटा मी वाहीन.’ बायको माझ्याकडे बघतेय, मी दादाकडे बघतोय, दादा आभाळाकडे बघतोय... मी म्हटलं, बरं. का म्हटलं? काय माहीत! तुम्हाला सांगतो, मला काही वाटलंच नाही. राग नाही, आनंद नाही... काही म्हणजे काही वाटलं नाही!

मग काय, सुरू! मी नोकरीनं पाण्याचे मीटर वाचणारा माणूस. दिवसभर दुसऱ्यांचं पाणी किती गेलं ते वाचायचं आणि संध्याकाळी स्वतः कॅन भरभरून पिस्त्यांना घालायचं. पहिल्या वर्षी दादा म्हणाला, ‘मुळं धरतायत.’ दुसऱ्या वर्षी, ‘मुळं धरतायत.’ चौथ्या वर्षी मी विचारलं, ‘दादा, अजून मुळंच?’ तर म्हणाला, ‘तुला घाई फार!’ मला घाई! बायको वहीतलं घर खोडून पुन्हा काढायची, दर वर्षी एक खोली कमी करायची. शेवटी वहीत नुसता ओटा उरला.

आणि सातव्या वर्षी मोहोर आला! सगळ्या झाडांना! पिवळी धूळ इतकी, की मावशींच्या दोरीवरच्या धुतलेल्या चादरी पिवळ्या झाल्या. मावशी कुंपणावरून ओरडतायत, ‘अहो, गिऱ्हाइकांना काय सांगू मी? पुन्हा धुऊ?’ आणि दादा हात पसरून त्या धुळीत उभा! ‘एकूण एक झाड फुललंय! एकही वांझ नाही!’ लोकांनी येऊन माझा हात हातात घेतला, अभिनंदन केलं. मला? काही वाटलं नाही. मोहोर गळला. पिस्ता नाही. आठव्या वर्षी पुन्हा मोहोर, पुन्हा चादरी, पुन्हा मावशी... पिस्ता नाही!

आता मुदत संपत आलेली. परदेशी पिकाला परवानगी देणारं एक मंडळ असतं, तिथले साहेब पाहणीला आले. मी, दादा, बायको, सगळे रांगेत उभे. बायको नवी साडी नेसून आलेली, का? तर पिस्ता नाही म्हणजे घर! साहेबांनी झाडांवर हात फिरवला. ‘झाडं दणकट आहेत हो!’ दादा फुलला. ‘मग! निवडूनच लावली! तुमच्या मंडळाची परवानगी चाळिसाची, रोपं उगवलेली नव्वद. उंच, जाड, रसरशीत तेवढी ठेवली आणि किडकिडीत सगळी कुंपणापलीकडे फेकली!’ साहेबांनी चष्मा काढला. ‘आणि मोहोर कसा येतो? पिवळी धूळ उडते?’ ‘ढगासारखी!’ ‘सगळ्यांची?’ ‘एकूण एक!’

साहेब शांतपणे म्हणाले, ‘अहो, पिस्त्यात नर वेगळा, मादी वेगळी, आणि धूळ उडते ती फक्त नराची. हे सगळे नर आहेत.’

सगळे... नर! चाळीस! आठ वर्षं मी चाळीस बाप्यांना पाणी पाजतोय! मी म्हटलं, ‘दादा, तू बारा वर्षं पिस्त्यांत होतास ना रे?’ दादानं मान खाली घातली. ‘मी पॅकिंगला होतो. पिशव्यांची तोंडं शिवायला. झाड मी बसमधून बघितलंय.’

तुम्हाला सांगतो, रडू यायला हवं होतं. निदान हसू! काही नाही. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल होतो ना, तसा मी आख्खाच्या आख्खा बधिर. काही वाटलं नाही! बायको मात्र हळूच माझ्या कानात म्हणाली, ‘अहो, गवंडी कधी बोलवायचा?’ किती वर्षांनी हसली होती ती. ते बघून मात्र... जरासं वाटलं. खोटं कशाला बोलू, वाटलं.

आणि तेवढ्यात मावशी! हातात वाटी. ‘साहेब आलेत म्हणून म्हटलं, ही कसली फळं ते विचारावं. तुम्ही पलीकडे टाकलेलं एक वाकडं रोप मी मोरीच्या पाण्यावर लावलं होतं, दोरी बांधायला काहीतरी हवं म्हणून.’

वाटीत पिस्ते! तोंड उघडलेले, हसरे!

साहेब धावत कुंपणाशी, आम्ही त्यांच्या मागे. मोरीच्या कडेला ते किडकिडीत ध्यान, फांद्या घोसांनी वाकलेल्या, आणि बुंध्याला बांधलेल्या दोरीवर गिऱ्हाइकाची पँट! साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. ‘देशातलं पहिलं फळतं झाड! तुमच्या नरांच्या वाऱ्यावर धरलंय हे! आता या चाळिसातल्या एकालाही हात लावायचा नाही, मी लेखी देतो!’ आणि दादा? दादानं वाटीतला एक पिस्ता उचलून तळहातावर ठेवला, डोळ्यांतून घळाघळा पाणी. ‘पडला की नाही? या मातीतला! माझ्या हातावर!’ अरे, माती मावशींची! पण रडणाऱ्या म्हाताऱ्याला काय सांगणार? मी बायकोकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. मी म्हटलं, बरं. कागदावर सही केली. मला काही वाटलं नाही.

मंडळानं मावशींचा सत्कार केला. त्यांच्या नावानं पिकाची नोंद झाली. आमच्या नावापुढे, पिकाच्या रकान्यात, साहेबांनी बराच विचार करून लिहिलं, ‘वारा’.

मावशींना वाईट वाटलं हो. चांगली बाई. म्हणाल्या, ‘माझ्या वरच्या मजल्यावरची खोली मोठी आहे, या राहायला.’ गेलो. बायकोचं कोपर आता कशाला लागत नाही. आणि खिडकी उघडली की बरोबर समोर आमची जमीन!... म्हणजे आहे. दिसत नाही. मध्ये मावशींचं झाड येतं.