हाहा देस

सासूबाई : नाही मास्तर, आज धडा नको. आजच काय, शिकवणीच बंद. जपानी-बिपानी पुरे झालं.

मास्तर : आधी सुईत दोरा ओवा, मग रागवा. मघापासून नेढं सोडून भलतीकडेच भोसकताय.

सासूबाई : चष्मा घरी राहिला. डोकं ठिकाणावर असतं तर आठवला असता.

मास्तर : आणि ते कधीपासून नाही ठिकाणावर?

सासूबाई : काल संध्याकाळपासून. हसा तुम्हीही. सगळ्यांनी हसून घ्या.

मास्तर : बाई, मी हसलेलो नाही. वर्षभर या दुकानात बसून तुम्ही पँटी आखूड करता करता क्रियापदं घोकलीत. इस्त्री तापायला ठेवली की सर्वनामं. गिऱ्हाईक माप द्यायला उभं राहिलं तर त्याला जपानीत हात वर करायला लावलंत. कशासाठी? तर जपानी सून घरी येईल तेव्हा तिच्याशी दोन शब्द बोलता यावेत. आता ती महिनाभर राहून उद्या निघाली, आणि आजच शिकवणी बंद?

सासूबाई : म्हणूनच बंद. जिच्यासाठी शिकले तिनंच माझं हसं केलं. त्या साहेबासमोर.

मास्तर : तुमच्या सुनेनं? मांजराला अहो-जाहो करणाऱ्या?

सासूबाई : तीच ती! "अहो मांजर, बाजूला व्हा." मी मेली कौतुकानं सगळ्या गल्लीला सांगत फिरले. पोर किती आर्जवी म्हणून. सकाळी मला चहा देताना, "अहो आई, घ्यावा." घ्यावा म्हणे! निवडणुकीला उभी राहिल्यासारखी बोलते. पण मला वाटायचं, मनानं साफ आहे. आता कळलं, आतल्या गाठीची आहे.

मास्तर : झालं काय ते सांगाल? उसवायला घेतलंय तर पूर्ण उसवा.

सासूबाई : काल ती लॅपटॉपवर तिच्या साहेबाशी बोलत होती. मी इस्त्रीचे कपडे ठेवायला खोलीत गेले. त्याला मी दिसले. त्यानं काहीतरी विचारलं. तिनं असा हात केला माझ्याकडे आणि म्हणाली, "हाहा देस."

मास्तर : काय?

सासूबाई : हाहा देस! देस म्हणजे 'आहे', हे तुम्हीच शिकवलंत. म्हणजे, ही हाहा आहे. हसण्यावारी न्यायची वस्तू. आणि त्या साहेबानं चटकन मान खाली घातली. हसू लपवायला!

मास्तर : आणि तुम्ही?

सासूबाई : मी कपडे पलंगावर टाकले आणि बाहेर आले. तेव्हापासून एक शब्द बोलले नाही तिच्याशी. सकाळी तिचं "अहो आई, अहो आई" चालू होतं, मी सरळ दुकान गाठलं. उद्या विमानतळावरही जायची नाही मी. लेकाला सांगितलंय, मला कामं आहेत.

मास्तर : अरे देवा. चूक माझी आहे, बाई.

सासूबाई : तुमची कशी? तुम्ही थोडेच म्हणालात हाहा?

मास्तर : मी जन्मभर कारखान्यात बसून यंत्रांची माहितीपत्रकं मराठीत आणली. मला जपानी येतं ते तेवढंच, आणि तुम्हाला शिकवलं तेही तेच. यंत्राला आई कुठून असणार?

सासूबाई : ते एक बरं आठवलं. तुमच्या शिकवणीतलं एकच वाक्य मला धड येतं. किकेन, ते ओ इरेनाइदे कुदासाई. धोका, हात आत घालू नका. पोरगी पहिल्याच दिवशी मिक्सरजवळ आली, मी ठणकावून म्हटलं. बिचारी दाराला जाऊन टेकली.

मास्तर : बिचारी म्हणालात.

सासूबाई : तोंडातून गेलं. विषय बदलू नका.

मास्तर : बदलत नाही. हाहा म्हणजे आई.

सासूबाई : काहीतरीच. आई म्हणजे ओकासान. त्या जपानी साबणाच्या पुड्यावर होतं, तेव्हा तुम्हीच सांगितलंत.

मास्तर : ओकासान म्हणजे दुसऱ्याची आई. किंवा समोर असताना आईला हाक मारायची ती. पण परक्या माणसाला आपल्या आईबद्दल सांगायचं, तर 'सान' गळतं. आपल्याच माणसाला बाहेर मोठं करून सांगायची तिकडे रीत नाही. तेव्हा म्हणतात, हाहा. ही माझी आई आहे.

सासूबाई : आणि सासूला?

मास्तर : सासूला पुढे 'गिरी नो' लावता येतं. गिरी नो हाहा. नात्यानं झालेली आई. तिनं लावलं होतं का?

सासूबाई : नाही.

मास्तर : नीट आठवा.

सासूबाई : नाही हो! कान काही गहाण नव्हते ठेवले. हाहा देस. तेवढंच म्हणाली.

मास्तर : आणि साहेबानं मान खाली घातली, ती तुम्हाला नमस्कार म्हणून. तुम्ही त्याच्या अंगावर कपडे टाकून आलात.

सासूबाई : पलंगावर टाकले. अगंबाई, मास्तर... मी काय करून बसले हे. पोर रात्री जेवलीसुद्धा नाही नीट.

(दुकानाच्या काचेवर टकटक. सून आत येते.)

सून : अहो आई, येऊ का? तुम्ही चष्मा विसरलात. मी चष्मा आणली.

सासूबाई : आणला. तो चष्मा.

सून : आणला. नमस्कार, मास्तर.

मास्तर : या. किकेन आहे, जपून.

सून : हो, मला दिसते. अहो आई, तुम्ही कालपासून बोलत नाही. मी काय चूक केली? उद्या मी जाणार. चूक माहीत नाही, तर मी विमानात पूर्ण वेळ तेच विचारणार.

सासूबाई : तू काल साहेबाला माझ्याबद्दल काय सांगितलंस?

सून : त्यांनी विचारले, त्या कोण? मी म्हणाले, हाहा देस.

सासूबाई : ते गिरी का काय ते असतं, ते का नाही लावलंस?

सून : लावायचे होते?

सासूबाई : मी विचारतेय.

सून : गिरी लावले की तुम्ही लांब जाता. तुम्ही तर मागेच उभ्या होत्या.

सासूबाई : ...बस इथे. त्या कापडांवर नको, टाचण्या आहेत. माझ्याजवळ बस. अगं, मला वाटलं तू मला हसलीस. हाहा म्हणजे आमच्याकडे हसणं. मूर्ख आहे मी. रात्रभर डोळ्याला डोळा नाही लागला माझा.

सून : हसली? तुम्हाला? नाही, नाही, नाही!

सासूबाई : रडू नकोस. मीच रडेन आता, आणि चेन लावायला आलेलं हे जाकीट भिजेल.

मास्तर : बाई, तुमचा लेक तुम्हाला हाक कशी मारतो?

सासूबाई : अगं आई. दुसरं काय म्हणणार?

मास्तर : मान देत नाही?

सासूबाई : छे! आईला कुणी अहो म्हणतं का? परक्यासारखं वाटतं ते. बापाला अहो म्हणायचा, मला मात्र... थांबा. थांबा, मास्तर. म्हणजे ते 'सान' काढतात, तसंच की हे.

मास्तर : मी काही बोललो नाही.

सासूबाई : ऐक गं. आजपासून तुझं ते अहो आई बंद. अगं म्हणायचं.

सून : पण पुस्तकात आहे, अगं म्हणजे आदर कमी.

सासूबाई : आदर त्या मांजराला दे. मला अगं म्हण.

सून : मला कठीण जाईल.

सासूबाई : मला काय सोपं गेलं? उद्या विमानतळावर तुझ्यासाठी एक वाक्य पाठ करून येणार आहे मी. मास्तर, आज धडा आहे. तुम्ही बसा, मी एवढी सुई ओवते आणि आले. आता ह्या दोऱ्याला काय झालंय?

सून : अगं आई... चष्मा घाल.