म्हशीचं दूध म्हनावं लागते

माहं माहेर बाळापूरकडचं. चौथीपर्यंत शिकली, मंग बापानं म्हशीमागं लावलं, अन् लगन होऊन तेल्हाऱ्याकडं आली तं इथंही म्हशीच. मले चारचौघांत बोलता येत नाई, आवाज बसते, पन सकाळी कॅन घेऊन गल्लीत निघाली की दूध घ्या, एवढं मात्र मोकळं निघे.

काय सांगू ताई तुम्हाले, गावातलं दारूचं दुकान आमीच बायकाईनं बंद पाडलं. मतदान झालं, कागदावर एक उभी बाटली अन् एक आडवी. मी आडवीवर शिक्का मारला. आडवी जिंकली, दुकानाले कुलूप लागलं, आमी गूळ-शेंगदाने वाटले. वाटलं, झालं.

पन प्यानारे तं गावातच होते. आधी दोघं-तिघं बाहेरून चोरून आनत, ज्याचं त्याचं विकत. मंग गजू मधात आला. हा बसथांब्यावर पंक्चर काढे. त्यानं एकाची गाडी जाळली, एकाचा पाय मोडला, बाकीचे आपसूक त्याच्या हाताखाली आले. आता कोन कोनत्या गल्लीत विकन ते गजूच ठरवते. दुकान होतं तं रात्री बंद तं होये, हे कवाबी उघडंच. अन् दारू कसं म्हनाचं, म्हनून त्याईनं नाव ठेवलं दूध. दूध आलं काय, दूध ताजं हाय काय.

मले आधी समजलंच नाई. मी दूध घ्या म्हटलं की ओट्यावरचे बुडे हसत, म्हनत, वैनी, तुमी बी काय? चढन ना? एकदा पोलिसानं बाजाराच्या रस्त्यावर माही कॅन उघडून हुंगली, सगळ्याईच्या समोर. तिथूनच गजूची गाडी गेली, तिले त्यानं हात बी नाई केला.

मंग गजू घरीच आला. चहा पेला. म्हने, काकू, तुमची कॅन हुंगून झाली, आता कोनी पाहात नाई. खाली आमचं ठेवा, वर तुमचं. मी म्हटलं, बापू, या कॅनीतलं लेकरं पेतात. एवढंच बोलता आलं. तो हसून उठला. दुसऱ्या दिवसापासून चहावाल्यानं दूध बंद केलं, मंग खालच्या गल्लीनंही. कारन कोनी सांगत नाई, नुसतं म्हनतात, आज नको वैनी.

आता ज्याईनं माह्यासंगं शिक्के मारले त्याच बाया म्हनून राहिल्या, परत मतदान लावून उभी बाटली करू, दुकानवाला बरा होता. काहून करू? चीड येते ताई, त्याईची बी अन् माही बी.

वरच्या गल्लीतली थोडी घरं उरली, तिथं जाते. म्हशीचं दूध घ्या, असं म्हनावं लागते आता. एक शब्द वाढला, अन् माह्यासारखीले तोच जड. तिथं एक बाळंतीन हाय, ती दार उघडून दुधाचा गंज पुढं करते. तिच्या लेकराले ते अंगी लागो. अन् ते मोठं होईन तवा गावात दूध म्हनजे दूधच राहो.