मेजरची खोली

(इंदूरमधलं एक घर, मे महिन्यातली दुपार. आतल्या खोलीत एसी चालू. खाटेवर स्वेटर आणि कानटोपी घातलेले म्हातारे दगडू, खाली फरशीवर त्यांचा कुत्रा मेजर. दारात मुलगा सुगत, त्याच्यामागे सून धम्मदीना.)

सुगत : मतलब, दार लावू का उघडं ठेवू, ते तरी सांगा.

दगडू : आधी आत ये, मग लाव. सगळी थंडी बाहेर चालली.

सुगत : बाबा, बाहेर त्रेचाळीस आहे आणि तुम्ही कानटोपी घालून बसलात.

दगडू : बाहेर त्रेचाळीस, आत अठरा. मी आत आहे.

सुगत : म्हणूनच बोलतोय. परवापासून खोकताय. सहा वाजता बेटम्याहून आमच्या कंपनीतल्या जयेशची गाडी येईल, मेजरला त्याच्या शेतावर घेऊन जाईल. मग हा एसी बंद करू, कूलर लावू, तुम्ही माणसासारखे बनियनवर बसा.

दगडू : सहा वाजता बंद कर. आत्ता हात लावायचा नाही.

सुगत : धम्मा, तू समजाव यार यांना.

धम्मदीना : मला आधी कुणीतरी समजवा. सकाळी तुम्ही म्हणालात, कुत्रा जाणार. मी त्याचं भांडं, पट्टा, ब्रश, सगळं पिशवीत भरून बँकेत गेले. हाफ डे टाकून आले तर भांडं परत खाटेखाली.

दगडू : सहापर्यंत पाणी कशात पिईल तो?

धम्मदीना : आणि ब्रश?

दगडू : ब्रश मी काढला. नवीन केस येतायत त्याला. ब्रश फिरवला की बरं वाटतं.

सुगत : नवीन केस का यावे लागले, ते पण सांगा.

दगडू : काढ. तेच काढ परत.

सुगत : काढणारच. बाबा, चांगला भला कुत्रा होता. आणि तुम्ही त्याला बसवून केस कापायचं मशीन फिरवलं.

दगडू : रिटायर झाल्यापासून या घरात महिन्याच्या पहिल्या रविवारी माझं मशीन चालतंय. तुझे केस लग्नाच्या आदल्या दिवशी कुणी कापले होते?

सुगत : फोटो बघून अजून लोक हसतात.

दगडू : एप्रिल लागला. मी बघितलं, एवढं घोंगडं अंगावर घेऊन बिचारा जीभ काढून पडलाय. म्हटलं, फौजी कट मारू, हलका होईल. आणि काय शहाण्यासारखा बसला. याला दोन मिनिटं कुणी बसवून दाखवावं. माझ्यापुढे वीस मिनिटं बसला.

धम्मदीना : बाबा, डॉक्टर रागावली ना पण. म्हणाली, यांच्या केसांचे दोन थर असतात, त्यांनी थंडीसारखंच ऊनही बाहेर राहतं. ते काढले की कातडी भाजते.

दगडू : मला कुठं माहीत होतं.

धम्मदीना : कुणालाच नव्हतं. मी पण म्हटलं होतं, किती छान दिसतोय.

सुगत : आता डॉक्टर म्हणते, केस यायला दिवाळी उजाडेल. आले तरी पहिल्यासारखे येतील याची गॅरंटी नाही. तोवर हा एसीत, आणि एकटा ठेवला की दार फाडतो. घरात एसी एक, तो बाबांच्या खोलीत. म्हणून बाबा स्वेटरमध्ये. सांवेर रोडला कंपनीत कुणाला सांगितलं तर म्हणतात, भिया, तुमचं घर सही में अलग आहे.

दगडू : लेहमध्ये उणे वीसमध्ये उभा राहिलोय मी. हे काय.

सुगत : तेव्हा तुम्ही पंचवीसचे होतात. आणि तिथं पहाऱ्यावर दर दोन तासांनी बदली यायची, तुम्हीच सांगता. इथं कोण येतं बदलीला?

दगडू : कोण येणार. आत आलास की दोन मिनिटांत पळतोस तू.

सुगत : मला सर्दी होते.

धम्मदीना : जयेशला सशांचं सांगितलंत का?

सुगत : त्यानं विचारलं नाही.

धम्मदीना : विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही?

सुगत : तो म्हणाला, शेतावर विहीर आहे, आंब्याची सावली आहे, पळायला जागा आहे. मी म्हटलं, हो, याला पळायलाच पाहिजे. खोटं कुठं बोललो?

धम्मदीना : त्याच्याकडे बकऱ्या आहेत. तुम्हीच सांगितलंत मला. दहा-बारा, पिल्लं वेगळी. या मेजरनं सहा फुटी भिंत चढून शेजारच्या शारदाताईंच्या गच्चीवरचा पिंजरा तोडला होता. दोन्ही ससे मारले. त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत.

दगडू : त्याला शिकार वाटली ती. माणसाला कधी गुरगुरला नाही तो.

धम्मदीना : तेच तर कळत नाही मला. गॅसवाला सरळ स्वयंपाकघरात शिरला तर यानं त्याचा हात चाटला. सशाला सोडलं नाही. घर राखत नाही, भुंकत नाही. कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली की मान वर करून तिच्याबरोबर रडतो, आणि गल्लीतले सगळे कचरा टाकायचं सोडून मोबाइल काढतात. हा कुत्रा आहे की काय आहे?

सुगत : हस्की आहे.

धम्मदीना : अर्धा. बाकीचा अर्धा डॉक्टरलाही सांगता आला नाही. अल्सेशियन असेल म्हणाली, नाहीतर आणखी काही.

सुगत : विकणाऱ्यानं तर प्युअर सांगितलं होतं. बर्फात पळतानाचा व्हिडिओ पाठवला. नंतर कळलं, तो कुत्राच वेगळा होता.

दगडू : एक डोळा निळा, एक भुरा. पहिल्या दिवशी मला कळेचना, कुठल्या डोळ्याकडे बघून बोलू. नाव मेजर ठेवलं, ती पण चूकच. मी हवालदार म्हणून रिटायर झालो. त्याला उलटून बोलता येत नाही.

धम्मदीना : (हसू आवरत) बाबा.

दगडू : पण जानेवारीत आठवतं का? सिलिंडरची ट्रॉली होती. मी सहज याच्या पट्ट्याला बांधली. कोपऱ्यापर्यंत ओढत गेला, वळला, ओढत परत आला. शेपूट अशी वर. त्या दिवशी घरातलं काही फाडलं नाही त्यानं. मी म्हटलं, याला काम पाहिजे. बिनकामाचा बसवला की डोकं फिरतं. माझं पण फिरलं होतं, रिटायर झालो तेव्हा.

सुगत : माहितीय. म्हणूनच तर आणला होता ना.

दगडू : काय म्हणून?

सुगत : आई गेल्यावर तुम्ही बोलायचंच सोडलं होतं. दिवसभर त्या खिडकीत. मला वाटलं, घरात काहीतरी जिवंत पाहिजे यांच्यासोबत. लेहमधल्या कुत्र्यांच्या गोष्टी सांगायचात लहानपणी, म्हणून हाच घेतला. मला स्वतःला कुत्र्यांची कधी आवडच नव्हती बाबा.

दगडू : तुला नव्हती?

सुगत : बिलकुल नाही. भीती वाटते अजून थोडी.

दगडू : मग मी इथं स्वेटर घालून कुणासाठी बसलोय? मला वाटलं, तुझा जीव आहे याच्यावर. एवढ्या हौसेनं आणलास. तुझ्या हौसेच्या कुत्र्याची मी चामडी भाजली, म्हणून मी बसलोय.

सुगत : माझ्यासाठी?

दगडू : नाही तर काय.

धम्मदीना : थांबा. मतलब मी एप्रिलपासून पहाटे साडेचारला उठून, ऊन चढायच्या आत याला फिरवून आणते, हात खांद्यातून निघायची वेळ येते, ते कुणासाठी? मला वाटायचं, तुम्हा दोघांचं यात मन रमलंय, आपण मध्ये कशाला बोलायचं.

सुगत : म्हणजे कुणालाच नको होता.

दगडू : तसं मी म्हटलं नाही.

सुगत : मग काय म्हटलंत?

दगडू : मला माहीत नाही काय म्हटलं. आणलास तेव्हा नको होता. आता विचारू नकोस.

धम्मदीना : फोन वाजतोय तुमचा. जयेश.

सुगत : हां, बोल जयेश. अरे हो, तयार आहे तो. स्पीकरवर टाकतो, बाबा पण आहेत.

जयेश : नमस्ते काकाजी. सुगत भिया, गाडी निघतेच आहे. बस एक बात पूछनी थी, घरवाली विचारते आहे. बकऱ्यांची पिल्लं मोकळी असतात आमच्याकडे. हा त्यांच्यात राहील ना?

सुगत : हां, मतलब, तो तसा शांत आहे. माणसांना तर काहीच करत नाही.

जयेश : माणसांचं नाही हो, बकऱ्यांचं.

सुगत : बकऱ्या त्यानं कधी बघितल्याच नाहीत. त्यामुळे सांगता येत नाही. पण तसं, मला वाटतं…

दगडू : फोन दे इकडे. जयेश, मी सुगतचा बाबा बोलतो. हा मारेल बेटा. शेजारचे दोन ससे मारलेत यानं. तुझी पिल्लं पळाली की हा मागे पळणारच.

जयेश : अच्छा. बरं झालं सांगितलंत काकाजी. मग नाही जमणार. गावात एक पिल्लू गेलं ना, तर लोक काठी घेऊन येतात, मी पण थांबवू शकणार नाही.

दगडू : तेच म्हणून सांगितलं.

जयेश : सुगत भिया, बुरा मत मानना. सोमवारी भेटू कंपनीत.

सुगत : हां. भेटू.

धम्मदीना : पिशवी रिकामी करू?

सुगत : मला काही सुचत नाहीये धम्मा. गाडी येणार नाही, एसी बंद करता येत नाही, बाबांचा खोकला जात नाही. आणि हा बघ, दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडेच बघतोय. काय पाहिजे याला?

दगडू : तू खाली बसलास ना आज, म्हणून बघतोय. तू कधी बसत नाहीस. चाटेल, घाबरू नको.

सुगत : जीभ किती गरम आहे याची.

दगडू : असतेच.

धम्मदीना : चहा ठेवते. इथं आणू का हॉलमध्ये?

सुगत : बाबांचा हॉलमध्ये दे, कूलरपाशी. माझा इथं आण. बाबा, उठा. स्वेटर काढा तो, इकडे द्या.

दगडू : तुला सर्दी होते.

सुगत : होऊ दे. दोन तास बसतो मी. मग धम्मा येईल.

दगडू : कानटोपी पण घे. थंडी आधी कानात शिरते.