देवाचे फोटो कुणी पुसायचे?

मंडळी, आज जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यातला एकही जण विश्वास ठेवणार नाही! गेल्या सप्ताहात मी म्हणालो, आमची म्हैस भजनाच्या ठेक्यावर रवंथ करते — ते तुम्ही माना डोलावून मान्य केलंत. पण आजचं नाही पचायचं! हे पखवाजवाले गेनबा तर आत्ताच हसायला लागले. हसा, हसा!

आधी एक प्रश्न. सकाळी सकाळी मोबाईलवर देवाचा फोटो आला — गुलाबाच्या फुलासकट, ‘शुभ प्रभात’ म्हणत. तो पुसला, तर पाप लागतं का?

बघा! सरपंच खाली बघताहेत. म्हणजे त्यांचाही मोबाईल तुंबलाय!

तर ऐका. घाटापलीकडे एक गाव. नाव विचारू नका. तिथे एक गृहस्थ होता — वयानं माझ्याएवढा, पोटानं माझ्याएवढा, अक्कलही माझ्याएवढीच धरा. सगळं गाव त्याला मोबाईलमधला जाणकार समजायचं. का? तर एकदा कुणाच्यातरी फोनचा आवाज बसला होता, यानं टाचणीनं भोकातला तंबाखूचा चुरा काढला. झालं! तेव्हापासून ओसरीवर रांग. कुणाला अक्षरं मोठी करून हवीत, कुणाचा फोन तव्यासारखा तापतो!

एके दिवशी एक बाई आली. आपण तिला सगुणाबाई म्हणू. म्हणाली, “बुवा —” बुवा नव्हे, “दादा! दादा, लेकीनं नातवाचा फोटो धाडलाय, उघडतच न्हाई. जागा संपली म्हणतोय.”

यानं फोन घ्यायला हात पुढे केला — आणि मंडळी, फोन उचलेना! खोटं वाटतं? दोन्ही हातांनी उचलून बाजेवर ठेवला, तर बाजेचा पाय मोडला! आत देव किती? चार हजार गणपती, अडीच हजार दत्त, मारुतीची तर गणतीच नाही! भावकीचे अकरा ग्रुप, आणि प्रत्येकाला रोज सकाळी भक्ती फुटते!

आता यावर उपाय अगदी सोपा, ध्यानात ठेवा. सेटिंगमध्ये जायचं आणि फोटो आपोआप उतरतात ते बंद करायचं. ज्याला बघायचं, त्यानं बोट लावून उतरवावं. हे त्या गृहस्थाला ठाऊक नव्हतं का? होतं! मग का नाही केलं? अहो, एका बोटाचं काम केलं तर मोठेपणा कुठला मिळणार?

“निवडून पुसू,” म्हणाला. पहिलाच फोटो गणपतीचा. बोट मागे घेतलं. माळकरी माणूस, गळ्यात तुळस — गणपती पुसायचा? पुढे सरकला, दत्त. पुढे सरकला, मारुती. घाम फुटला! मग त्यानं युक्ती काढली. काय युक्ती! देवाला हातच लावायचा नाही. ज्याच्यावर देवाचं तोंड नाही, तेवढंच पुसायचं! मोटारीच्या स्टार्टरचा फोटो — पूस! कुणाच्यातरी बैलाचा व्हिडिओ — पूस! शेवटी राहिली एक नुसती रेघ. सतरा सेकंदांची. रेघेला कुठलं आलंय तोंड? पूस!

गेनबा, पखवाज राहू द्या जरा.

ती रेघ म्हणजे सगुणाबाईच्या मालकांचा आवाज. माणूस जाऊन दोन वर्षं झालेली. एकदा बाजारातून पाठवलेला — “निघतोय गं आता. वांगी मिळाली. आणखी काय आणू?” एवढंच. ती रोज अंघोळ झाली की ते ऐकायची. आणि उत्तर द्यायची. “काही नको, तुम्ही या.”

दुसऱ्या दिवशी ती परत आली. “दादा, मालकांचा आवाज सापडत न्हाई.”

मंडळी, खरं बोलायला काय लागतं हो? ‘बाई, चुकलं माझं.’ तीन शब्द! पण ओसरीवर चारजण बसलेले, आपापले फोन घेऊन. त्यांच्यादेखत म्हणायचं? तो म्हणाला, “बाई, असले आवाज फार दिवस टिकत नाहीत.”

तिनं विचारलं, “मी रोज ऐकायचे. कधी दोनदा. माझ्या ऐकण्यानं झिजला का हो?”

आणि तो... तो म्हणाला, “हो. तसंच झालं असणार.”

पाणी द्या कुणीतरी.

चार हजार गणपती होते त्या फोनमध्ये. एकालाही धक्का लागला नव्हता.

नाही, नाही! माना खाली घालू नका! खरी गंमत पुढेच आहे! बाईनं तो फोन देव्हाऱ्यात ठेवला. रोज फूल वाहिलं. आणि सातव्या दिवशी — फोन बंद, बॅटरी उतरलेली — आतून आवाज आला! “निघतोय गं आता!” अख्ख्या आळीनं ऐकला! देवानं त्या गृहस्थाची चूक पोटात घातली! तेव्हा मंडळी, आता तुमचं बघा. दुसऱ्याच्या फोनमधलं काही पुसायच्या आधी त्याला विचारा, हे तुझं काय आहे बाबा? आणि चुकलंच हातून, तर देव आहेच की —

“न्हाई बोलला!”

कोण? बायकांतून कोण बोललं?

“मी, गोदाक्का. इथं खांबापाशी. सगुणाबाई कशाला म्हणताय, बुवा? फोन माझा, आन् पुसणारे तुम्ही. देव्हाऱ्यात ठेवला, ते खरं. पण सात दिवस न्हाई, वरीस झालं. रोज कानाला लावते. न्हाई बोलला.”

अक्का, ते... कीर्तनात जरा वाढवून सांगावं लागतं...

“वाढवलेलं असू द्या. एवढंच सांगा. माझ्या ऐकण्यानं न्हवता ना झिजला?”

नाही, अक्का.

“मोठ्यानं सांगा, बुवा. माईक तुमच्या पुढ्यातच हाय.”