दोनशे एक्केचाळीसचा शेवट

...अन पाच मिनिटं म्हने! पाच मिनिटं तर मले चपला शोधाले लागतात. जगदेव, बापा, तू घड्याळाकडे पाहू नको, तू लायबरी चालवतो, यष्टी नाई चालवत. तुमाले सांगतो मंडळी, शेलूबाजारपासून आसेगावपर्यंत या पुंजाजीएवढे पुस्तकं वाचलेला एक मानूस आनून दाखवा, मी मिशी उतरवून देतो. हाव, मिशी नाई मले, म्हनूनच पैज लावली. अन मी मानूस म्हटलं, बाई नाई म्हटलं. कारन बाई हाये. ते काय, पहिल्या रांगेत बसली, नवं लुगडं नेसून, मांडीवर नारळ घेऊन. आज सत्कार तिचाच हाये. 'आदर्श वाचक' गिरजाबाई! मले फक्त सुरुवातीले उभं केलं, बँडवाल्यासारखं. जगदेव घरी येऊन काय म्हने? "आजोबा, आजींना बोलायला संकोच वाटतो, तुम्हीच सांगा ना वाचनाची गोडी कशी लागली ते." तिले संकोच! बावन वर्सं झाले लग्नाले, मी तर नाई पाह्यला बापा तो संकोच. असन कुठी फडताळात ठेवला.

तर गोडी. माही गोडी साधी हाये. मी आळशी. आता हसू नका, खरं सांगून राह्यलो, थकलो आता खोटं सांगून सांगून. माहा बाप अंगठाबहाद्दर. त्याले वाटे पोट्टं पुस्तक घेऊन बसलं म्हनजे हळूहळू तलाठी होऊन राह्यलं, त्याले हात लावू नका! मंग भाऊ मेथीच्या वाफ्याले पानी देत, बहिनी वांगे तोडत, अन मी बांधावर, आंब्याखाली, पुस्तक घेऊन. चौथीत शाळा सुटली, पन पुस्तक नाई सोडलं, काहून का ते हातातून सुटलं की फावडं हातात आलं समजा. आधी उघडंच ठेवो नुसतं, पान पलटवो मधामधात, बाप पाह्यते म्हनून. पन डोळ्याले काय लगाम असते? एक दिवस एक ओळ वाचल्या गेली. मंग दुसरी. मंग इचार आला, आता या राजाचं होईन काय? गेलं मंग. आळशी मानूस फसला. बिडीसारखंच हाये ते, पहिल्यांदा कोनी हौसेनं ओढत नाई.

तवाची लायबरी म्हनजे ग्रामपंचायतीतलं एक लोखंडी कपाट. साऱ्या पुस्तकाचे पुठ्ठे गेलेले, त्याच्यावर खाकी कागद, अन कागदावर शाईनं नंबर. नाव कोनी घेतच नसे. "एकशे बारा वाचलं काय? लय रडवते." "सत्त्यान्नव नको नेऊ, भुताचं हाये." असं. आमच्या गावात पुस्तकं कैद्यासारखे, नंबरानं वळखू ये.

मंग लग्न झालं, गिरजा आली. पाटी पाह्यली नाई कवा तिनं, पन कामाले अशी की वाघीन. बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारून आमच्या अंगनात जुड्या बांधनं चाले. मेथीच्या, पालकाच्या, सांभाराच्या, जगदेवच्या भाषेत कोथिंबिरीच्या. ही, माही माय, दोन भावजया, शेजारची रुखमाबाई. अन मी? "पुंजाजी, चार जुड्या बांधशीन तर हात झिजतीन काय?" असं भावजयनं म्हटलं की मी म्हनो, "बांधतो ना वहिनी, पन मंग त्या राजकन्येचं काय झालं ते कोन वाचून दाखवन?" झालं! "राहू दे राहू दे, वाच तू." अशी माही नोकरी पक्की झाली. तुमाले सांगतो, जुडी पाहून मले समजे गोष्ट कशी चालू हाये. भांडन आलं की जुडी आवळ. रडनं आलं की ढिल्ली, बाजारात गिऱ्हाइकाच्या हातात सुटे. अन लढाई आली की दोन घंट्याचं काम एका घंट्यात. माहा बाप म्हने, "पुंजा, आज लढाईचं वाच, माल जास्त हाये."

आता ध्यान द्या, आता दोनशे एक्केचाळीस येते.

दोनशे एक्केचाळीस म्हनजे एका राजकन्येचं पुस्तक. तिचा नवरा लढाईत हरवला, दुष्ट सरदार तिच्या मागं लागला, अन ती किल्ल्याचं दार आतून लावून बसली. एक महिना चाललं ते आमच्या अंगनात. रुखमाबाई तर तिच्या नावानं महादेवाले बेल वाह्यत जाये, त्या राजकन्येच्या! शेवटच्या दिवशी मी वाचतो, सरदार दाराशी आला, दारावर धडका मारते, आतून कडी निखळते, अन बाहेरून घोड्याच्या टापांचा आवाज... पान पलटवलं. पुठ्ठा! खाली पुठ्ठाच! आठ पानं गायब. बुडापासून ओढून घेतलेले.

वर पाहतो तं पाच बाया माह्या तोंडाकडे पाहून राह्यल्या. जुड्या थांबल्या. रुखमाबाईच्या डोळ्यात पानी. आता मी काय करू सांगा? "संपलं" म्हटलं असतं तर मेथी माह्या मांडीवर आली असती. मी त्या कोऱ्या पुठ्ठ्याकडे पाह्यलं, घसा खाकरला, अन वाचाले लागलो. सरदारानं दार फोडलं, पन दाराच्या वर आग्यामोहोळ होतं, ते फुटलं, अन माशांनी सरदाराले असा फोडला की तो पळत पळत विहिरीत. घोडा आला तो नवऱ्याचाच. पन राज्य गेलं होतं, तवा दोघं नवरा-बायको चालत निघाले, अन... माह्यासमोर काय होतं? मेथी! अन त्याइनं शेलूबाजारात भाजीचं दुकान टाकलं अन सुखानं राह्यले.

बायाइनं असा सुस्कारा टाकला! फक्त ही, गिरजा, माह्याकडे पाहत राह्यली. म्हने, "खरंच असंच हाये? शेलूबाजारात?" मी पुठ्ठ्यावर बोट ठेवलं. "छापेल हाये, छापेल! मनातलं कायले सांगू मी?"

अन संध्याकाळी घरात जातो तर काय, कोनाड्यात एक पुडी. वांग्याच्या बियाची पुडी, नीट घडी घालून. उचलली तर तळहाताएवढा तुकडा, त्याच्यावर छापेल एवढंच, "राजकन्या म्हणाली". मी म्हटलं, गिरजे, हे पानं कोनं फाडले वं? ती बिचारी सरळ मनानं म्हने, "मीच फाडले. तुमी ते मांगचे पानं कवा उघडतच नव्हते. पुढचे मळले होते, हातानं वापरल्यासारखे, ते ठेवले. मांगचे नवेकोरे होते, बिनकामाचे." आता बोला! महिनाभर तिनं पाह्यलं की हा मानूस पुस्तकाच्या पुढच्याच अंगाचं वापरते, मांगचं पडूनच हाये. तिच्या हिशोबानं ते बरोबरच होतं ना.

अन मी रागावूबी शकत नाई! कसा रागावू? "अवं, शेवट होता त्याच्यात" असं म्हनू, तर मंग दुपारी मी वाचलं ते काय होतं? उरलेल्या पुड्या कुठी गेल्या इचारलं, तर आसेगावले, तिच्या माहेरी, बी वाटलं म्हने. मी सायकल काढली. आसेगावात घरोघर फिरलो लेकहो, "वांग्याचं बी पाह्याले आलो" म्हनून. लोकं म्हनत, जावई लय अभ्यासू हाये बा वांग्यातला. बी पेरून झालं होतं. पुड्या चुलीत. एकच भेटली, अर्धी, एका म्हातारीच्या लुगड्याच्या घडीत. त्याच्यावर काय? "तिने कडी काढली आणि". बस. आणि! आणि काय? पन्नास वर्सं झाले, त्या 'आणि'पाशी उभा हाये मी, दारात अडकलेल्या धोतरासारखा.

अन पुस्तक परत केलं कपाटात. पन्नास वर्सात एका मानसानं तक्रार नाई केली की शेवट नाई म्हनून. आता समजा गावाचं वाचन. जगदेव, मान खाली घालू नको, तूबी त्यातच आला.

पन एक वंगाळ झालं. मले मनातलं वाचाची चटक लागली. छापेल शेवट मले पचेच ना. मोठ्या भावजयशी माहं भांडन झालं, तवा एकशे बारामधल्या वहिनीले मी तिसऱ्याच पानावर साप चाववला. मेली. बाया जेवल्या नाई त्या दिवशी. गिरजानं इचारलं, एवढी चांगली वहिनी, मारली काहून? छापेल हाये, छापेल! मनातलं कायले सांगू मी? असे किती मारले, किती जिवंत केले, एक तर कंजूस सावकार मी मारुतीच्या देवळात झाडू माराले लावला. वीस वर्सं! एकानं पकडलं नाई.

अन मंग सरकारनं साक्षरता आनली. बायाइले पाट्या वाटल्या, देवळाच्या ओट्यावर दुपारी वर्ग. मीच धाडलं हिले, मीच! "जाय, सही शिक, बँकेत अंगठा बरा नाई दिसत." सही शिकली. मंग यष्टीच्या पाट्या वाचाले लागली, मेडशी, मालेगाव, वाशीम. मंग बियाच्या पाकिटावरचं. अन एक दिवस एकशे बारा आनलं.

आठ दिवस बोलली नाई माह्याशी. भाजीत मीठ नाई. नवव्या दिवशी ताट वाढता वाढता एवढंच म्हने, "वहिनी जित्ती हाये. शेवटच्या पानावर नातवाले खेळवून राह्यली." मी भाकर खाली ठेवली. बायकोनं भाकर उचलून परत ताटात ठेवली. "खा. मेलेल्या मानसाचं सुतक नाई आता."

त्या दिवसापासून सुरू! एकेक नंबर आने, मी वाचेल तितके सारे, अन तपासे. सत्त्यान्नव झालं, एकशे तीस झालं, कपाट संपवलं, मंग मंगरूळपीरची लायबरी, मंग नात सुचिता वाशीमले कॉलेजले गेली तर तिच्या पिशवीतून. तुमी तिले आदर्श वाचक म्हनता, मी म्हनतो ती फौजदार हाये. जगदेव, लिहून घे: माही गोडी आळसातून आली, तिची संशयातून. पन संशयाले काम जास्त असते, बापा. ती मले मांगं टाकून गेली. मी सांगितलेल्या गोष्टी तपासून झाल्या, तरी ती थांबली नाई. रडे, हसे, वाचता वाचता भाजी करपवे, अन मी करपेल भाजी खाऊन गप. बोलू कोन्या तोंडानं?

अन आता हे डोळे. अकोल्याचा डॉक्टर म्हने, "आजोबा, पडद्याचा मधला भाग गेला, कडेचं दिसेल." म्हनजे कसं, पुस्तक धरलं की मधातल्या ओळी धुकट, अन चारी बाजूचा कोरा कागद साफ दिसते. आता कोरा कागद वाचू काय? मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, कोऱ्या पुठ्ठ्यावरून वाचाची मले सवय हाये, पन ऐकाले कोनी उरलं नाई. त्याले काय समजलं नाई. तुमाले समजलं.

मंग सुचितानं एक काम केलं. मी तिले एकदा बोलता बोलता त्या 'आणि'चं सांगितलं होतं. आतल्या पानावरचं नाव पाठच होतं मले. पोरीनं कुठून कुठून शोधून, जुन्या पुस्तकवाल्याकडून, दोनशे एक्केचाळीस आनलं! दुसरी प्रत, पूर्ण, मांगचे आठ पानं जागच्या जागी. मी मोजले, बोटानं. हातात धरून बसलो घंटाभर. वासबी तोच. पन वाचन कोन? सुचिता म्हने, "आबा, माझा पेपर आहे, आजी वाचेल ना." अन गेली वाशीमले. फोन केला तिले, म्हटलं वाचलं का तू? तर म्हने, "आजीने सांगितलंय, तुम्हाला काही सांगायचं नाही." कट हाये हा, कट!

परवाची गोष्ट. अंगनात मी खाटेवर, ही माह्या बाजूले, कडेले. सारं पुस्तक वाचलं तिनं मले पाच दिवसात, एक अक्षर इकडचं तिकडं नाई, मले पाठ होतं ना तितपर्यंत. सरदार आला. धडका. टापा. "तिने कडी काढली आणि"...

अन ही थांबली.

मी म्हटलं, वाच ना वं. तर ही मनातल्या मनात वाचून राह्यली. एक पान पलटवलं, दुसरं पलटवलं. मले मधातलं दिसत नाई, पन कडेचं दिसते, अन ती कडेलेच बसली होती. तिनं पदर डोळ्याले लावला. दोनदा. मंग पुन्हा पान मांगं आनलं, घसा खाकरला, अगदी माह्यासारखा, अन सुरू झाली. "आणि दाराच्या वर आग्यामोहोळ होतं..."

तुमाले सांगतो, मी खाटेवर उठून बसलो. सरदार विहिरीत. घोडा नवऱ्याचाच. दोघं चालत निघाले, अन शेलूबाजारात भाजीचं दुकान टाकलं अन सुखानं राह्यले. पुस्तक मिटलं, कपाळाले लावलं, बाजूले ठेवलं.

मी हात धरला तिचा. म्हटलं, गिरजे, मी थकलो वं आता, डोळे गेले, उद्या मीबी जाईन. पन्नास वर्सं या दारापाशी उभा हाये. राजकन्येचं खरंच काय झालं ते एकदा सांग. मेली काय ती?

तिनं सांभाराची टोपली पुढं ओढली, एक जुडी आवळून बांधली, अन माह्याकडे न पाहता म्हने,

"छापेल हाये, छापेल! मनातलं कायले सांगू मी?"